प्लेगच्या लशीचे हाफकिन : परळची प्रयोगशाळा, बेळगाव-हुबळीची टोचणी आणि पंजाबातली एक बाटली

बेळगाव : टिळकवाडीतलं व्हॅक्सिन डेपो मैदान बेळगावकरांना नवं नाही. सकाळी फिरायला जाणारे, क्रिकेट खेळणारी पोरं, सभा-मेळावे, सगळं तिथं चालतं. पण नावातल्या ‘व्हॅक्सिन’कडं फारसं कुणाचं लक्ष जात नाही. एकेकाळी इथं वासरांच्या अंगावर देवीची लस तयार व्हायची आणि ती गावोगाव जायची. देवी गेल्या, लस बंद झाली, नाव तेवढं राहिलं.

याच भागात त्याआधी आणखी एक लस येऊन गेली होती. ती देवीची नव्हती, प्लेगची होती. मुंबईत तयार झालेल्या बाटल्या १८९७-९८ साली बेळगाव, धारवाड, हुबळी, गदगपर्यंत पोचल्या. तेव्हा हा सगळा मुलूख मुंबई इलाख्यातच होता. निपाणी चिकोडी तालुक्यात, चिकोडी बेळगाव जिल्ह्यात आणि बेळगावची राजधानी मुंबई. राज्यांची आजची रेघ पडायला अजून साठ वर्षं होती.

ती लस बनवणाऱ्या माणसाचं नाव वाल्देमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेमुळं हे नाव आपल्या कानावर असतं. पोलिओचे डोस, सर्पदंशावरची लस यांच्या बाटल्यांवरही अनेकांनी ते वाचलं असेल. पण हाफकिन म्हणजे कुणी इंग्रज साहेब किंवा एखादी कंपनी, असंच बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते इंग्रज नव्हते आणि डॉक्टरही नव्हते. ते प्राणिशास्त्रज्ञ होते, रशियन साम्राज्यातले ज्यू होते, आणि त्यांच्या उमेदीचा बराचसा काळ भारतातल्या साथींशी झुंजण्यात गेला.

ओडेसाचा विद्यार्थी

हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरातला. आज ते युक्रेनमध्ये आहे. घर व्यापाऱ्याचं, पण श्रीमंती नव्हती. ओडेसाच्या विद्यापीठात त्यांना गुरू मिळाले ते इल्या मेचनिकोव्ह. रोगाच्या जंतूंना शरीर कसं तोंड देतं, या प्रश्नाच्या मागं हा माणूस लागला होता. रक्तातल्या काही पांढऱ्या पेशी बाहेरून आलेल्या जंतूंना घेरतात आणि गिळून टाकतात, हे पुढं मेचनिकोव्ह यांनी दाखवलं आणि त्याबद्दल १९०८ साली त्यांना नोबेल मिळालं.

हाफकिन यांच्या पुढच्या सगळ्या कामाचं मूळ इथं आहे. रोगाशी लढायची ताकद शरीरात आधीपासूनच असते. बाहेरच्या माणसाचं काम एवढंच, की ती ताकद वेळेआधी जागी करायची. गुरूकडून मिळालेला हा विचार त्यांनी पुढं लाखो लोकांवर खरा करून दाखवला.

विद्यार्थिदशा मात्र सुखाची नव्हती. १८८१ साली ओडेसात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले. वस्ती वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. ते जखमी झाले, वर अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी खटपट करून त्यांना सोडवलं. पदवी घेतल्यावर विद्यापीठात पुढं जायचं असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी तेव्हाची परिस्थिती होती. हाफकिन यांनी ते नाकारलं आणि प्राणिशास्त्राच्या संग्रहालयातल्या साध्या कामावर काही वर्षं काढली.

१८८८ मध्ये त्यांनी देश सोडला. आधी जिनिव्हा, मग पॅरिस. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत मेचनिकोव्ह आधीच पोचले होते. तिथं हाफकिन यांना जागा मिळाली ती ग्रंथालयात. दिवसा पुस्तकं सांभाळायची आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम करायचं, असं त्यांनी सुरू केलं.

आधी स्वतःला, मग दुसऱ्याला

त्या काळात युरोपला धास्ती होती कॉलऱ्याची, म्हणजे आपल्याकडच्या पटकीची. दूषित पाण्यातून पोटात जाणारा हा जंतू धडधाकट माणसाला काही तासांत आडवा करायचा. हाफकिन यांनी हा जंतू प्राण्यांच्या शरीरातून पुन्हा पुन्हा नेऊन त्याची ताकद हवी तशी वाढवता येते, हे साधलं. दुसऱ्या रीतीनं त्याला कमजोरही केलं. आधी कमजोर जंतूची मात्रा आणि काही दिवसांनी जोरकस जंतूची, अशी दोन टप्प्यांची लस तयार झाली.

१८ जुलै १८९२ रोजी त्यांनी ती पहिल्यांदा माणसाला टोचली. तो माणूस म्हणजे ते स्वतःच. ताप आला, टोचलेली जागा दुखली आणि काही दिवसांत ते बरे झाले. त्यानंतर मित्रांनी टोचून घेतलं.

लस खरंच साथीत उपयोगी पडते का, हे बघायचं तर जिथं पटकी दरवर्षी येते तिथं जायला हवं होतं. लॉर्ड डफरिन हे भारताचे माजी व्हाइसरॉय तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटनचे राजदूत होते. त्यांनी मार्ग मोकळा केला आणि मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्यात उतरले.

सरकारी डॉक्टरांना हा माणूस फारसा मानवला नाही. वैद्यकाची पदवी नाही आणि त्यात पुन्हा रशियाचा. रशिया म्हणजे तेव्हा इंग्रजांचा वैरी, त्यामुळं हा हेर तर नाही ना, अशीही कुजबुज होती. हाफकिन यांनी वाद न घालता गावोगाव फिरायला सुरुवात केली. कुणावर सक्ती करायची नाही, ज्याला पटेल त्यालाच टोचायचं, हा त्यांचा नियम होता. या नियमाचा एक फायदाही होता. एकाच वस्तीत, एकाच पाण्यावर राहणाऱ्या लोकांपैकी काही टोचलेले आणि काही न टोचलेले असे दोन गट आपोआप तयार व्हायचे. साथ आली की दोन्हींचा हिशेब मांडायचा.

१८९४ मध्ये कलकत्त्यातल्या कत्तल बागान या वस्तीत तसा हिशेब हाती आला. तळ्याकाठच्या सुमारे दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी टोचून घेतलं होतं. त्यानंतर वस्तीत पटकीचे १० रुग्ण निघाले, त्यातले ७ दगावले. सगळे न टोचलेल्यांपैकी होते.

अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना टोचून झालं. तोवर हिवतापानं हाफकिन स्वतः खंगले होते. त्यांना युरोपात परत जावं लागलं. तब्येत सावरल्यावर ते १८९६ मध्ये पुन्हा भारतात आले आणि त्याच वर्षी मुंबईत वेगळंच संकट उभं राहिलं.

मांडवीत उंदीर पडले

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी बंदराजवळ, धान्याच्या गोदामांच्या भागात माणसं तापानं मरू लागली. जांघेत किंवा काखेत गाठ, फणफणून ताप आणि चार-पाच दिवसांत शेवट. मूळचे गोव्याचे डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी हा प्लेग आहे, हे ओळखून सांगितलं. शहरातून लाखो लोक बाहेर पडले. रेल्वेनं, बोटीनं, बैलगाडीनं माणसं गावाकडं निघाली आणि त्यांच्याबरोबर रोगही निघाला.

प्लेग कसा पसरतो, हे तेव्हा कुणालाच नीट माहीत नव्हतं. जंतू सापडला होता, तो १८९४ मध्ये हाँगकाँगला यर्सिन यांना. पण तो माणसाच्या शरीरात शिरतो कुठून? हवेतून, मातीतून, अन्नातून, अशा अनेक कल्पना होत्या. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरनं कराचीत प्रयोग करून उत्तर दिलं. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. उंदराच्या अंगावरची पिसू त्याचं रक्त पिते. उंदीर मेला, अंग थंड पडलं की पिसू नवं यजमान शोधते आणि माणसाला चावते. त्या चाव्यातून जंतू आत जातो, जवळच्या गाठीत शिरतो आणि ती गाठ सुजते. रोग फुप्फुसात गेला तर मात्र खोकल्यातून तो थेट माणसाकडून माणसाकडं जातो, आणि तो प्रकार फार घातक.

हे लक्षात घेतलं की त्या वेळचे सरकारी उपाय का फसले, ते समजतं. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. हाच कायदा २०२० मध्ये आपल्याला कोरोनाच्या वेळी पुन्हा लावला गेला. त्याच्या जोरावर घरं तपासली गेली, सामान जाळलं गेलं, भिंतींवर औषधं फवारली, रोग्याला ओढून इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेलं. पुण्यात गोऱ्या शिपायांनी घराघरांत शिरून केलेल्या झडत्यांनी लोक पेटले आणि जूनमध्ये प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इतकं करून रोग थांबला नाही, कारण घर धुतलं की उंदीर शेजारच्या घरात जायचा, पिसवा घेऊन.

त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

आपल्याकडच्या खेड्यांतले लोक मात्र एक गोष्ट अनुभवानं शिकले. घरात उंदीर पडायला लागले की घर सोडायचं आणि शेतात, माळावर झोपड्या घालून राहायचं. त्यांना पिसवांचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण उंदरांपासून लांब जाणं हा त्या वेळी खरोखरच चांगला उपाय होता.

तुपाचा थेंब

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारनं हाफकिन यांना कलकत्त्याहून मुंबईला बोलावलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात एक छोटी खोली आणि त्यापुढचा व्हरांडा, हीच त्यांची प्रयोगशाळा. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिने त्यांनी रात्रंदिवस काम केलं.

प्लेगचा जंतू मोठ्या प्रमाणावर वाढवायचा कसा, ही पहिली अडचण. मटणाच्या रश्शात तो वाढतो, पण तळाशी आणि पृष्ठभागावर थोडाच. हाफकिन यांनी रश्शावर तुपाचे थेंब सोडले. त्या तरंगत्या थेंबांना धरून जंतूंच्या तारा खाली लोंबायला लागल्या, गुहेच्या छताला खडकाच्या सुया लोंबाव्यात तशा. दर काही दिवसांनी बाटली हलवायची, तारा तळाशी पडायच्या आणि नव्या तयार व्हायच्या. पाच-सहा आठवड्यांत बाटली भरून जायची. मग ती तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक अ‍ॅसिड टाकायचं, म्हणजे दुसरं काही त्यात वाढणार नाही. झाली लस.

रस्सा कशाचा, हा प्रश्नही साधा नव्हता. गाय किंवा डुकराचं मांस वापरलं असतं तर हिंदू किंवा मुसलमान, कुणीतरी लस घेतलीच नसती. म्हणून त्यांनी बकऱ्याचं मांस घेतलं. लोकांची श्रद्धा ही अडचण न मानता त्यांनी ती कामाच्या पद्धतीतच बसवली.

मेलेला जंतू टोचून काय होतं, हे थोडं समजून घेऊ. मेलेला जंतू रोग देऊ शकत नाही, पण त्याचं रूप शरीराला ओळखता येतं. शरीरातल्या पेशी त्या रूपाला अचूक बसतील अशी प्रतिद्रव्यं तयार करायला शिकतात. हे शिकायला सात-आठ दिवसांपेक्षा जास्त वेळ लागतो. खरा प्लेग माणसाला तेवढी सवड देत नव्हता. लस ती सवड आधीच मिळवून देते. पुढं खरा जंतू आत आला की ओळखीच्या पेशी लगेच कामाला लागतात, प्रतिद्रव्यं जंतूला चिकटतात आणि मेचनिकोव्ह यांनी दाखवलेल्या त्या गिळणाऱ्या पेशींचं काम सोपं होतं. टोचल्यावर येणारा ताप आणि सूज ही याच तयारीची खूण.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी प्लेगची लस पुन्हा एकदा आधी स्वतःला टोचून घेतली. तीही नंतर लोकांना दिली त्याच्या कितीतरी मोठी मात्रा. त्याच महिन्याच्या शेवटी भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. कैद्यांना विचारलं, तेव्हा जवळपास निम्मे तयार झाले. अन्न तेच, भिंती त्याच, जागा तीच. न टोचलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. टोचलेल्यांपैकी दोघांना झाला आणि एकही मेला नाही.

या आकड्यांनंतर मागणी वाढली. तेव्हा विशीतही नसलेल्या आगाखान यांनी चारचौघांसमोर टोचून घेतलं आणि प्रयोगशाळेसाठी जागा दिली. त्यांच्या खोजा समाजातले हजारो लोक पुढं आले. १८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात प्लेग संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. आजची हाफकिन संस्था तिथंच आहे.

बेळगाव, धारवाड, हुबळी

मुंबईचा प्लेग रेल्वेच्या वाटेनं दक्षिणेकडं सरकला. पुणे, मिरज, बेळगाव, लोंढा, धारवाड, हुबळी ही सदर्न मराठा रेल्वेची वाट. धान्याच्या पोत्यांतून उंदीर-पिसवा आणि डब्यांतून माणसं प्रवास करत होती.

बेळगावच्या छावणीत मद्रासी पायदळाच्या पलटणीत १८९७ च्या अखेरीस टोचणी झाली. पण या लशीचं सगळ्यात मोठं काम झालं ते हुबळीत. कापसाचा बाजार आणि रेल्वेचा कारखाना असलेलं हे गाव तेव्हा पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं. १८९८ च्या पावसाळ्यात तिथं प्लेगनं कहर केला. लॉयमान नावाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही महिन्यांत तीस हजारांहून जास्त लोकांना टोचलं गेलं, अनेकांना दोनदा. धारवाड जिल्ह्यात अ‍ॅलिस कॉर्थॉर्न या डॉक्टरीणबाई काम करत होत्या. पडद्यातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून टोचून घ्यायला कचरायच्या, तिथं बाई डॉक्टर असणं किती महत्त्वाचं होतं, ते वेगळं सांगायला नको.

हे सगळं सहज झालं असं मात्र नाही. सुईनं माणूस नामर्द होतो, सुईतूनच प्लेग देतात, अशा अफवा होत्या. टोचल्यावर दोन दिवस ताप यायचा, हात सुजायचा, हातावर पोट असणाऱ्याची मजुरी बुडायची. म्हणजे नकार देणारा प्रत्येक जण अडाणी होता, असं नाही. पुण्या-मुंबईतल्या सक्तीच्या बातम्या ऐकलेल्या माणसाला सरकारी सुईची भीती वाटणं साहजिक होतं.

दुसऱ्या बाजूला, टोचल्याचा दाखला असेल तर छावणीत डांबण्यातून आणि प्रवासातल्या अडवणुकीतून सुटका व्हायची. आपल्या भागातल्या लोकांना हे ओळखीचं वाटेल. २०२१ मध्ये कोगनोळी नाक्यावर कोरोनाचा रिपोर्ट हातात घेऊन आपण रांगेत उभे होतो. तेव्हाचं माणूस टोचणीचा दाखला खिशात घेऊन गाडीत बसत होतं.

लस रामबाण नव्हती. टोचलेल्यांनाही प्लेग व्हायचा, पण कमी जणांना. आणि झाला तरी मरणाचं प्रमाण बरंच कमी असायचं. परिणामही काही महिन्यांपुरता टिकायचा, पुन्हा टोचावं लागायचं. १८९८-९९ मध्ये सरकारी प्लेग आयोगानं आकडे तपासले, त्यातल्या त्रुटी दाखवल्या, पण लस उपयोगी आहे हे मान्य केलं.

मुलकोवालची बाटली

१९०२ मध्ये पंजाब सरकारनं टोचणीची फार मोठी मोहीम ठरवली. परळवर मागणीचा ताण आला. काम लवकर व्हावं म्हणून लस करण्याच्या पद्धतीत बदल झाले. शेवटी घालायचं कार्बोलिक अ‍ॅसिड वगळलं, कारण उष्णतेनं जंतू मरतातच.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावी १०७ जणांना पाच बाटल्यांमधून लस टोचली. आठवड्याभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे मेले. एकोणीसही जणांना एकाच बाटलीतली लस दिली होती. त्या बाटलीवर क्रमांक होता ५३-एन. बाकी चार बाटल्यांमधून टोचलेल्या कुणालाही काही झालं नाही.

चौकशी आयोग बसला. धनुर्वाताचा जंतू बाटलीत परळलाच शिरला असावा, असा त्याचा कल पडला. कार्बोलिक अ‍ॅसिड वगळल्याचा ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांना कामावरून बाजूला केलं, पगार थांबला आणि १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला. ज्या माणसानं दोन्ही लशी आधी स्वतःला टोचून घेतल्या होत्या, त्याच्यावर निष्काळजीपणाचा शिक्का बसला.

पण जाबजबाबात एक गोष्ट नोंदवलेली होती. मुलकोवालला ती बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता औषधी पाण्यात बुडवून, त्यानंच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचा जंतू मातीत राहतो, हे आज शाळेतलं पोरही सांगेल. शिवाय तो जंतू आठवडेच्या आठवडे बंद बाटलीत वाढला असता तर बूच काढताच दुर्गंधी यायला हवी होती. उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता.

म्हणजे हिशेब सरळ होता, पण तो मांडायला पाच वर्षं लागली. हिवतापाचा जंतू डासातून पसरतो हे शोधणारे रोनाल्ड रॉस पुढं आले. १९०७ च्या जुलैमध्ये त्यांनी आणि इतर नऊ शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स वृत्तपत्रात पत्र लिहून हाफकिन निर्दोष असल्याचं पुराव्यानिशी सांगितलं. त्याच वर्षी अखेर सरकारनं त्यांना पुन्हा नोकरीत घेतलं.

परळ मात्र त्यांना परत मिळालं नाही. कलकत्त्यातली जागा मिळाली आणि माणसांवर लशीच्या चाचण्या करण्याची मुभा नव्हती. १९१४-१५ पर्यंत तिथं काम करून ते निवृत्त झाले आणि फ्रान्सला गेले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. शेवटची वर्षं ते धार्मिक जीवनाकडं वळले आणि आपली पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू धर्मशिक्षणासाठी ठेवून गेले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं त्यांचं निधन झालं.

त्याआधी पाच वर्षं, १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव दिलं गेलं. तोवर तिथून प्लेगच्या लशीच्या दोन कोटींहून जास्त मात्रा बाहेर पडल्या होत्या. १९६४ मध्ये भारतीय टपाल खात्यानं त्यांचं तिकीटही काढलं.

आपल्यासाठी काय उरलं?

त्या साथीत आणि नंतरच्या काही दशकांत भारतात प्लेगनं एक कोटीहून जास्त माणसं नेली. दक्षिण कर्नाटकात आजही प्लेगम्माची देवळं आहेत. प्रतिजैविकं आल्यावर प्लेग बरा होऊ लागला. १९९४ मध्ये बीड आणि सुरतेत त्यानं पुन्हा डोकं वर काढलं, तेव्हा औषधांनी तो लवकर आटोक्यात आला. हाफकिन यांची प्लेगची लस आता नेहमीच्या वापरात नाही.

पण त्यांनी घालून दिलेली रीत आजही चालू आहे. लस आधी थोड्या लोकांना, त्यांच्या संमतीनं द्यायची. घेतलेल्यांचा आणि न घेतलेल्यांचा हिशेब उघड मांडायचा. मगच सगळ्यांना सांगायचं. २०२० मध्ये कोव्हॅक्सिनच्या चाचण्यांत बेळगावचं एक रुग्णालयही होतं. तिथं चाललेलं काम याच रीतीचं होतं. गोवराची लस असो की पोलिओचे थेंब, त्यामागं ही रीत आहे.

आणि मुलकोवालचा धडाही तितकाच खरा आहे. लस चांगली असून भागत नाही. बाटली उघडणारा हात स्वच्छ लागतो, चिमटा उकळलेला लागतो, शीतपेटीत बर्फ लागतो. एका खेड्यातल्या एका चिमट्यानं १९ जीव घेतले, आणि त्याच्या बातमीनं किती लोक टोचणीला नाही म्हणाले असतील, त्याची मोजदाद नाही. आज आपल्या अंगणवाडीत, उपकेंद्रात लस देणारी नर्स नवं पाकीट फोडून सुई काढते, कुपीवरची तारीख बघते आणि टोचल्यावर अर्धा तास थांबा म्हणते. आपल्याला घाई असते. पण त्या अर्ध्या तासामागं अशाच चुकांतून आलेलं शहाणपण आहे.

सीमाभागात एक अडचण कायम असते. पोराचा जन्म कोल्हापूरच्या दवाखान्यात, घर निपाणीत, सासर चंदगडला आणि कामधंदा बेळगावात. लसीकरणाचं कार्ड एका राज्याचं आणि पुढचा डोस दुसऱ्या राज्यात. अशात एखादा डोस राहून जातो आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. कार्ड कानडीत असो की मराठीत, ते जपून ठेवा आणि जिथं राहताय तिथल्या केंद्रावर दाखवा. राहिलेला डोस तिथं मिळतो. राज्य वेगळं म्हणून कुणी नाही म्हणत नाही, आणि म्हणालं तर विचारायचा हक्क आपला आहे.

प्लेगच्या पिसवेला मुंबई इलाखा कुठं संपतो, ते कळत नव्हतं. गोवराच्या जंतूलाही कोगनोळीचा नाका दिसत नाही. पण अंगात एकदा भिनलेली प्रतिकारशक्ती माणसाबरोबर दोन्हीकडं जाते. हाफकिन यांनी आयुष्यभर नेमकी तीच लोकांच्या अंगात पेरली, आणि तीही त्यांना विचारून.